सकाळी चूल कोणी पेटवली?

दसरा झाला की लातूरच्या हवेला रंग येतो. फिकट, वाळक्या शेंगेचा रंग. मोंढ्याच्या, धान्यबाजाराच्या रस्त्याला सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि खिडकीच्या गजांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, टपरीवर पालथ्या घातलेल्या चहाच्या ग्लासांवर बारीक भुकटी बसते. बोटाने पुसली तर ती मातीसारखी झटकन निघत नाही, बोटाला धरून राहते. डाळ मिलच्या बाजूने तुरीच्या टरफलांचा वास येतो आणि शहराबाहेरच्या शिवारातून मळणीयंत्राचा आवाज. लांबून तो भुंग्यासारखा वाटतो. जवळ गेलं की शेजारी उभ्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं.

यंदा पाऊस लांबला, म्हणून मळणीही लांबली. कापलेलं सोयाबीन ढीग रचून, वर ताडपत्री ओढून शेतात थांबलं होतं. इकडे त्या ढिगाला बनीम म्हणतात. ऊन पडलं आणि सगळ्या शिवाराने एकदमच मळणी काढली. वहिनीचा फोन लागेनासा झाला. ती अशा वेळी कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी ओसरीवर, कुणाच्यातरी पाठीला स्टेथोस्कोप लावून बसलेली असते. घरात कुणी काळजी करत नाही. मळणी सरत आली की फोन लागतो.

वहिनी म्हणजे डॉ. अर्चना. माहेर निलंग्याजवळचं, शेतकऱ्याचं. सासर लातूरचं, मास्तरांचं, म्हणजे आमचं. माझा भाऊ नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात आणि ती तिथल्याच एका रुग्णालयात, छातीच्या विभागात. तिचा अभ्यासाचा विषय तीव्र दमा. म्हणजे असा दमा, जो नेहमीची सगळी औषधं नीट घेऊनही आटोक्यात येत नाही. 'नीट घेऊनही' हे दोन शब्द वाचायला सोपे आहेत. वहिनीची सगळी उमेदीची वर्षं ते दोन शब्द सिद्ध करण्यात गेली.

वर्तमानपत्राच्या कचेरीत पहिली शिकवण विशेषणं कापायची मिळते. पूर भीषण नसतो. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते लिहायचं. बातमीत 'तीव्र' आलं की डेस्कवरून प्रश्न येतो, तीव्र म्हणजे किती? मी दरवर्षी या दिवसांत लातूरहून एक छोटी बातमी पाठवायचे. मळणीचा हंगाम सुरू, धुळीमुळे श्वसनाच्या तक्रारींत वाढ, नागरिकांनी तोंडाला रुमाल बांधावा. गेल्या वर्षीची बातमी काढून तारीख बदलली तरी चालायचं. तक्रार कोणत्या बाईची, तिला रुमाल बांधून भागतं का, आणि ती तक्रार करते तरी का, हे त्या बातमीत कधी नसायचं. ते मला वहिनीबरोबर काढलेल्या एका हंगामात कळलं.

तेव्हा ती विभागात नवी होती. वरिष्ठांचं एक वाक्य ठरलेलं होतं आणि ते हसत हसत सांगत. "आपल्याकडं तीव्र दमा नसतो, मॅडम. आपल्याकडं न ऐकणारे पेशंट असतात." औषध दिलं, घेतलं नाही, दम वाढला, पुन्हा आले. संपली गोष्ट. हे वाक्य अगदी खोटं नव्हतं, हीच त्यातली अडचण होती. लोक दम्याचा पंप बंद करत. दम थांबला की औषध कशाला, असं म्हणत. पंपाची सवय लागते, एकदा तोंडाला लावला की सुटत नाही, हे गावोगाव ठरलेलं. लग्नाची मुलगी असेल तर पंप धान्याच्या कणगीमागे राही. पण सगळ्याच तशा असतील का, असं वहिनी विचारी. न ऐकणाऱ्यांच्या गर्दीत एखादी ऐकणारीही असेल आणि तिचाही श्वास अडत असेल, तर तिला आपण काय म्हणायचं?

आधी ती धर्माबादला जाऊन आली, मिरचीच्या बाजारात. परत आली ती डोळे लाल करून. तिथं हमालापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळेच शिंकतात आणि खोकतात, त्यात दमेकरी ओळखायचा कसा, म्हणाली. मग तिने सोयाबीन धरलं. त्यातही बायका, कारण मळणीयंत्राच्या तोंडाशी पुरुष असतात आणि मागे, जिकडे गुळी उडते, तिकडे बायका. गुळी म्हणजे शेंगांचं आणि काड्यांचं भुसकट. जनावराला चालतं, म्हणून ते गोळा करायचं, पोत्यात दाबायचं. दाबताना जे उडतं ते नाकात जातं.

त्या हंगामात ती लातूरच्या घरी येऊन राहिली. सकाळी एसटीने गावांकडे, सूर्य कलला की परत. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर जात असे. तिच्या पिशवीत श्वास मोजायची एक नळी असायची. जोरात फुंकायचं, काटा किती वर सरकतो ते बघायचं. बायकांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव फुंकणी ठेवलं. चुलीपाशी पडलेली असते तीच, फक्त ही प्लास्टिकची.

या फुंकणीने वहिनीला पहिले काही आठवडे फसवलं. खरं तर फसवलं बायकांनी, आणि तेही चांगुलपणाने. मॅडम येणार म्हटल्यावर त्या दुपारपासून स्वस्थ बसत, पंपाचा एक झुरका जास्तीचा घेत, धुतलेलं लुगडं नेसत आणि सगळा जीव गोळा करून फुंकत. काटा वर गेला की मॅडमच्या तोंडाकडे बघत. मॅडम नांदेडहून आल्यात, त्यांना बरं वाटलं पाहिजे. आणि कसं काय विचारलं की उत्तर एकच. बरं हाय. ओठ निळसर झालेली बाई दाराची चौकट धरून सांगायची, बरं हाय. कागदावर पाहिलं तर लातूर तालुक्यात दमा नव्हताच.

एका संध्याकाळी ती परत आली आणि ओट्यावरच बसली. केसांत गुळीचे कण, एक चप्पल पायात, एक हातात. मी कसं काय विचारलं. बरं आहे, म्हणाली. मग हातातल्या चपलेकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली.

"पत्रकारबाई, मी आत्ता काय म्हणाले?"

"बरं आहे म्हणालात."

"सकाळपासून पोटात काही नाही. पाय उचलत नाहीत. एका घरातून तर अक्षरशः हाकललं. आणि मी म्हणते, बरं आहे."

"मग काय म्हणणार? इथं सगळे तेच म्हणतात."

"तेच तर," ती म्हणाली. "आणि मी ते लिहून घेत बसलेय."

'कसं काय' हा आमच्याकडे प्रश्नच नाही. तो रामराम आहे. त्याला बरं हाय म्हणायचं, आलेल्या माणसाला पाणी द्यायचं, मग काय ते बोलायचं. दारात उभं राहून बरं नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार लावणं. वहिनी हे जन्मापासून जाणत होती. तिची आई तापाने फणफणलेली असतानाही निलंग्याहून फोनवर बरं हाय म्हणायची. पण पांढरा कोट घातला की माणूस आपलीच भाषा विसरतो आणि पुस्तकातला प्रश्न मराठीत करून विचारतो.

दुसऱ्या दिवसापासून तिने तो प्रश्न टाकला. त्याऐवजी ती विचारायला लागली, सकाळी चूल कोणी पेटवली? हंडा कोणी उचलला? रात्री आडवं होऊन झोपलात का भिंतीला टेकून? गॅस घरोघर होता, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच. चूल पेटवायची तर फुंकावं लागतं. फुंकायचं तर छातीत हवा लागते. यात मॅडमला खूश करायची जागाच नव्हती. चूल एकतर पेटवलेली असते किंवा दुसऱ्याने पेटवलेली असते.

सुमन त्या हंगामात भेटली. नांदेड रस्त्यावरून आत गेलेल्या एका गावातली, एका पोरीची आई, वयाने माझ्याएवढी. आदल्या आठवड्यात तिने दोनदा बरं हाय सांगितलं होतं. आता वहिनीने चुलीचं विचारलं तेव्हा ती खाली बघून म्हणाली, सासूनं. का, म्हटल्यावर, "फुंकणं व्हत न्हाई."

सासू कोंडाबाई तिथंच शेंगा निवडत बसल्या होत्या. सडपातळ, काटक बाई. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "मळणी आली की हिला दम येतोय, बाई. पोळ्याला न्हाई येत, लग्नाला न्हाई येत. बरोबर मळणीला येतोय. आमाला काय कळत न्हाई का?"

घरात तेव्हा काय चाललं होतं ते हळूहळू कळलं. सलग काही मळण्या सुमन बसून होती. यंदाही बसली तर दिवाळीला तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं. धाडायचं म्हणजे परत आणायचं नाही. पोरगी इथंच राहणार. नवरा वाईट नव्हता, पण आईपुढे बोलत नव्हता. सुमनला हे सगळं माहीत होतं. तिला दम्याची भीती नव्हती. कामचुकार ठरण्याची होती, आणि त्यापायी पोरगी जाण्याची.

परतीच्या एसटीत वहिनी म्हणाली की सासूबाईंचं निरीक्षण आपल्यासारखंच आहे. पोळ्याला नाही, लग्नाला नाही, मळणीलाच. फक्त त्यांनी निष्कर्ष दुसरा काढला. आणि विभागातल्या साहेबांचा निष्कर्षही कोंडाबाईंच्याच घरचा. एक म्हणते काम टाळते, दुसरा म्हणतो औषध टाळते. बाई खोटी आहे, यावर दोघांचं एकमत.

तिथून पुढचं काम सरळ होतं आणि कंटाळवाणं होतं. औषध टाळते का, हे पाहायचं तर औषध डोळ्यांपुढे घेतलं गेलं पाहिजे. वहिनी रोज सकाळी तिच्या घरी. पंपाला प्लास्टिकची पोकळ बाटली जोडायची, बाटलीत औषध सोडायचं, सावकाश ओढायचं, धरायचं, सोडायचं, चूळ भरायची. संध्याकाळचा डोस गावातल्या आशा कार्यकर्तीसमोर. कोंडाबाई बघत आणि टोमणे मारत. डॉक्टरीणबाई रोज दारात येतात, आमच्या सुनेचा थाट हाय, म्हणत. एकदा वहिनीला चहा देताना म्हणाल्या, तुमी बी सून असाल की कुणाची, तुमची सासू काय करायली घरी? वहिनी म्हणाली, चूल पेटवायली. कोंडाबाईंना हसू आलं ते त्यांनी पदरात लपवलं.

मग त्यांची स्वतःची मळणी आली. आदल्या दिवशी सुमनने आम्हाला ओसरीच्या कडेला घेतलं. आवाज खालचा, पण शब्द ठाम.

"मी जानार मशीनवर."

वहिनी नाही म्हणाली.

"घरी बसले तर म्हनतील, औषध घेऊन बी बसली. शेतात पडले तर निदान डोळ्यांनी बघतील."

"तुम्ही पडावं म्हणून मी रोज येत नाही, सुमनबाई."

"मग कशाला येता तुमी?"

हा प्रश्न पुढे वहिनीला मोठमोठ्या सभागृहांत लोकांनी चांगल्या शब्दांत विचारला, पण इतका सरळ कुणी नाही. तेव्हा ती एवढंच म्हणाली की तुम्ही जिवंत राहून खऱ्या ठरला पाहिजेत, मेलेल्या बाईचं काय, तिला सगळेच खरं म्हणतात. सुमन घरी बसली. मळणीच्या दिवशी वारा उलटा होता, गुळी ओढ्याकडे गेली आणि सुमनला काही झालं नाही. कोंडाबाई शेतातून आल्या त्या गुळीने माखून, आणि धडधाकट सुनेकडे एकदा बघून आत गेल्या. सुमन म्हणाली, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मळणी झाली की त्या घरात पुरणाचा नैवेद्य असतो. सुमनने पहाटे उठून डाळ शिजत घातली होती. आम्ही पोचलो तेव्हा ती पुरण वाटत होती आणि बऱ्याच दिवसांनी खुशीत होती. चूल तिनेच पेटवली होती. कोंडाबाई दाराशी, नवरा पोती शिवत, पोरगी गुळाचा खडा चोखत. काम सरलेलं, घर निवांत. तेवढ्यात शेजारच्या रानात दुसऱ्यांचं मशीन सुरू झालं. वारा घराकडे होता. उन्हात सोनेरी दिसणारा एक पडदा परसावरून सरकत आला. दिसायला सुंदर होता, हे खोटं कशाला सांगा.

सुमनचा हात पाट्यावर थांबला. मग ती भिंतीला टेकली. मग तिच्या गळ्याखालचा खड्डा प्रत्येक श्वासाला आत जायला लागला. बोलता येईना. वहिनी आधीच उठली होती. पंप, बाटली, पुन्हा पंप, इंजेक्शन. तिला दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून तिने बाटली कोंडाबाईंच्या हातात दिली आणि सुनेच्या तोंडाला धरून ठेवा म्हणून सांगितलं. त्या बाईंनी ती धरली. पुरणाने माखलेल्या त्या चेहऱ्याजवळ त्यांचा चेहरा होता. सुमनची छाती त्यांच्या हाताला लागत होती. जीप मिळून लातूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाटली त्यांच्याच हातात होती.

संध्याकाळी सुमन खाटेवर उशांना टेकून होती, नाकात ऑक्सिजनची नळी. कोंडाबाई बाहेरच्या बाकावर. वहिनी बाहेर आली तेव्हा त्या उठल्या नाहीत. तळहात बघत होत्या. मग म्हणाल्या, "काम तर सरलं हुतं, बाई. मग आता का आला दम?"

वहिनी त्यांच्या शेजारी बसली. उत्तर प्रश्नातच होतं आणि कोंडाबाईंना ते कळलेलं होतं.

विभागात मात्र असं घडलं नाही. वहिनीने सगळं मांडलं. औषध रोज डोळ्यांपुढे, पंपाची पद्धत बरोबर, आणि तरीही झटका. वरिष्ठ म्हणाले, एकच पेशंट आहे. वहिनी म्हणाली, हो. पुढच्या मळणीला दुसरी आणते. खोलीत कुणीतरी हसलं. पुढच्या मळणीला तिने दुसरी आणली. त्याच्या पुढच्या मळणीला आणखी.

मधल्या वर्षांत पुण्याहून दोनदा बोलावणं आलं. तिकडे यंत्रं होती, माणसं होती, नाव होतं. सोयाबीन नव्हतं. ती गेली नाही, आणि त्यागाबिगाच्या गोष्टीही तिने केल्या नाहीत. तिचे लेख परत येत. विषय फारच स्थानिक आहे, असा शेरा असे. तो शेरा तिने मला फोनवर वाचून दाखवला होता. "दमा स्थानिकच असतो," ती म्हणाली. "श्वास माणसाला कुठंतरी उभं राहूनच घ्यावा लागतो." मग लेख पुन्हा पाठवायची. पुढे ते छापून यायला लागले. नांदेडच्या त्या रुग्णालयात आता आठवड्यातून एक दिवस तीव्र दम्याची वेगळी ओपीडी असते. खोली सामानाच्या खोलीला लागून आहे, पंखा आवाज करतो. बाहेरच्या बाकावर लातूरच्या, निलंग्याच्या, धर्माबादच्या बायका बसलेल्या असतात आणि पंप मांडीवर उघडा ठेवून गप्पा मारतात. वरिष्ठ निवृत्त झाले. त्यांचं वाक्य झालेलं नाही. नव्या मुलांच्या तोंडी ते अधूनमधून येतं आणि दरवेळी वहिनी त्याला नव्याने उत्तर देते. तिला त्याचा कंटाळा येत नाही. कंटाळा आला की ते वाक्य जिंकेल, असं तिचं म्हणणं.

सुमन बरी झाली, असं लिहिता येत नाही. तो दमा जात नाही. औषधं बदलली, नवी आली, काही लागू पडली. मळणीच्या दिवसांत तिचं ठाणं गावाच्या दुसऱ्या टोकाला, चुलत जावेच्या घरी असतं. त्या पहिल्या वर्षी भाऊबीजेला ती माहेरी गेली होती. तिला परत आणायला नवरा स्वतः गेला, आणि त्याला पिटाळलं होतं कोंडाबाईंनी. कुणी विचारलं तर त्या सांगत, आमच्या सुनेला गुळी चालत न्हाई, ती मळणीला नसते. जशी एखाद्याला वांगं चालत नाही, तसं.

परवा अखेर फोन लागला आणि मी वहिनीबरोबर त्या गावी गेले. कोंडाबाई थकल्या आहेत, खाटेवर असतात. सुमनची पोरगी लातूरला कॉलेजात. मशीन गावापासून लांब चाललं होतं, हवेत तो रंग होताच. सुमन जावेच्या ओसरीवर, हाताशी पंप, मेथी निवडत होती. शेजारच्या घरात नवी सून आली आहे. पाणी घेऊन आली ती तांब्या ठेवताना चौकट धरून थांबली. खांदे वर उचललेले, बोलताना शब्द तुटत होते. वहिनीने बघितलं. मीही बघितलं. इतक्या वर्षांत ते ओळखायला मीसुद्धा शिकले आहे.

मी सवयीने विचारलं, कसं काय?

"बरं हाय," ती हसून म्हणाली.

वहिनी काही बोलायच्या आत सुमनने मेथीची जुडी खाली ठेवली. तिने त्या नव्या सुनेला हात धरून जवळ बसवलं, आपला पंप दोघींच्या मध्ये ठेवला आणि विचारलं, "सकाळी चूल कोनी पेटवली गं?"

नव्या सुनेने आपल्या घराकडे बघितलं, दारात कुणी आहे का ते. लांबून मशीनचा आवाज येत होता.

"सासूनं," ती म्हणाली.

वहिनीने पिशवीतून फुंकणी काढली.